शाळेला फॉलो केलं का, वहिनी?

ऐकलंत का? भिलाईत हल्ली कोणी "मुलगा कुठल्या शाळेत?" असं विचारत नाही. "शाळेचे फॉलोअर किती?" असं विचारतात. शाळेचे फॉलोअर! ज्या शाळेत पोराच्या दप्तरात मोबाइल सापडला की दुसऱ्या दिवशी आईबापांना बोलावणं येतं, त्याच शाळेचं इन्स्टाग्रामवर खातं असतं, आणि पोरं झोपली तरी ते झोपत नाही. सोमवारी प्रार्थनेची रील, मंगळवारी डब्याची, बुधवारी प्राचार्यबाईंच्या वाढदिवसाची, गुरुवारी नव्या इमारतीची, तीही ड्रोनवरून. शुक्रवारी गणिताच्या सरांना नाचवतात. बाप्पा बाप्पा! ज्यांचं नुसतं खाकरणं ऐकून व्हरांडा रिकामा व्हायचा, ते सर काळा चष्मा लावून, दोन्ही हात वर करून उभे, आणि खाली झळकतंय, "अ‍ॅडमिशन ओपन."

मी काही चहाड्या सांगत फिरणारी बाई नव्हे. पण हे गावच असं आहे. आमच्या कारखान्यातून १३० मीटरचा रूळ बिनजोड निघतो, गोष्ट मात्र एका घरातून दुसऱ्या घरी जाईपर्यंत चार ठिकाणी वेल्डिंग होऊन जाते. म्हणून म्हटलं, तुम्ही दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

आधी इमारतींचं सांगते, कारण सगळी भानगड तिथून सुरू झाली.

आमच्या वेळी भिलाईत शाळेचं नाव कोणी घेत नसे. सेक्टरचा आकडा सांगितला की झालं. "मी सेक्टर सातची." "तो सेक्टर दहाचा." १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार झाला, चार वर्षांनी, १९५९ च्या फेब्रुवारीतच, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि कारखान्याबरोबर सरळ रस्त्यांची, आकड्यांच्या सेक्टरांची टाउनशिप उभी राहिली. वर्धा, नागपूर, अमरावतीकडची आपली माणसं प्लांटमध्ये लागली. क्वार्टर मिळालं, क्वार्टरजवळ बाजार मिळाला, आणि पोराला पायी धाडता येईल अशी बीएसपीची, म्हणजे भिलाई स्टील प्लांटची, शाळा मिळाली. एका बाकावर बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, छत्तीसगढी आणि मध्ये चेपलेला आपला देशमुख नाहीतर वानखेडे. त्या शाळेला जाहिरात कशाला हवी? बाप प्लांटमध्ये, पोरगा शाळेत, विषय संपला. प्राचार्यांचा चेहरा पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला दिसायचा, तोही ऊन डोळ्यांवर असल्यामुळे धड कळायचा नाही.

मग प्लांटमधली माणसं कमी होत गेली. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या नाहीत, पोरं पुण्या-बंगळूरला गेली, क्वार्टरांना कुलपं लागली आणि बीएसपीच्या शाळा एकेक करून मिटत गेल्या. टाउनशिपच्या पलीकडे मात्र नेहरूनगर, जुनवानी, कोहका, रिसाली असा सगळा पट्टा वर यायला लागला. तिथे शाळा म्हणजे नुसती शाळा नाही. ती "पब्लिक" असते, नाहीतर "ग्लोबल", नाहीतर "इंटरनॅशनल". मागच्या भिंतीला धानाची बांधी, आणि पुढच्या कमानीवर पृथ्वीचा गोल!

आता बघा, अशा शाळेला दर वर्षी नवा मजला लागतो. मजला चढला की तुकड्या वाढतात, "ड" झाली, "ई" झाली, "फ" झाली. तुकडी वाढली की पोरं लागतात, पोरांसाठी पालक लागतात, आणि पालक सापडतात मोबाइलमध्ये. म्हणून रील. साधा हिशोब आहे हो, यात कोणी दुष्ट नाही. पण हिशोबात कच्चा माल कोणता, हे कोणी विचारतच नाही. सिमेंट नव्हे, वीट नव्हे. आपल्या पोरांची तोंडं!

शेजारी आयआयटी आल्यापासून तर सगळ्यांनाच वाढीचं वेड लागलंय. २०१६ साली रायपूरला सेजबहारच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात पाहुण्यासारखी सुरू झालेली भिलाईची आयआयटी आता कुटेलाभाठ्याला स्वतःच्या आवारात आहे. २० फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी ते आवार देशाला अर्पण केलं, आणि २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासकट पाच नव्या आयआयटींच्या विस्ताराला चार वर्षांसाठी ११,८२८ कोटींवर रक्कम मंजूर केली. पाचही मिळून विद्यार्थी ७,१११ वरून १३,६८७ होणार. त्यांचं त्यांना शोभतं, पैसा सरकारचा आहे. पण त्या बातमीनंतर इकडच्या नर्सरीवाल्यांच्या बोलण्यातही "फेज टू" आली. घसरगुंडीला नवा रंग दिला, ती फेज टू. झाडाभोवती कट्टा बांधला, ती फेज टू. आणि प्रत्येक फेजची रील.

बरं, इथपर्यंत मी हसत होते. पण परवा जे पाहिलं त्यानं माझा चहा गार झाला.

एका शाळेत, नाव घेत नाही, "सायबर सुरक्षा जनजागृती" झाली. पोलिसांतले एक साहेब आले होते, बोललेही फार छान. म्हणाले, "मुलांनो, अनोळखी माणसाला आपला फोटो देऊ नका. नाव, शाळा, पत्ता सांगू नका. आपण कुठे आहोत हे टाकू नका. काही घडलं तर लपवू नका, आईबाबांना सांगा, १९३० नंबरला फोन करा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी शाळेच्या पानावर रील आली. पहिल्या रांगेतल्या मुली, एकेकीचा चेहरा जवळून. गळ्यात आयकार्ड, त्यावर नाव, वर्ग, तुकडी, रक्तगट, वडिलांचा मोबाइल नंबर आणि व्हॅनचा क्रमांक. वर शाळेचं नाव, खाली ठिकाण, शेवटी सहा हॅशटॅग. मी दोन बोटांनी मोठं करून पाहिलं, नंबर वाचता आला. मला, मोतीबिंदू उतरत असलेल्या बाईला!

म्हणजे साहेबांनी जी जी गोष्ट देऊ नका म्हणून सांगितली, ती ती शाळेनं संध्याकाळी सात वाजेपर्यंत वाटून टाकली. आणि आपण काय केलं? आपण लाल बदाम टाकले. एकीनं तर लिहिलं, "माझी परी, तिसरी डावीकडून." घ्या! राहिलेली जागाही भरून दिली.

मी म्हणते, आपणच पुढे. निकालाचा दिवस आठवा. २०२५ ला १३ मे रोजी सीबीएसईचा निकाल लागला, आणि दुपारच्या वरणभाताच्या आत भिलाईच्या प्रत्येक स्टेटसवर गुणपत्रिका होती. अख्खी! टक्के सांगा ना, कोणी अडवलंय? पण नाही, कागदच हवा. दहावीच्या त्या कागदावर काय काय असतं बघा: मुलाचं पूर्ण नाव, रोल नंबर, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, शाळा. बँकेचा माणूस ओळख पटवायला फोनवर हेच तर विचारत आलाय इतकी वर्षं, "मॅडम, जन्मतारीख? आईचं नाव?" ते आपण नणंदेला जळवायला तीनशे माणसांत लटकवलं. त्या तीनशेंत धुण्याची पावडर विकणारा आहे, दोन वर्षांपूर्वी फ्रिज दुरुस्त करून गेलेला आहे, आणि तो "एलआयसी वाले भैया" आहे, ज्याचं नावही आता कोणाला आठवत नाही.

होर्डिंगांचं तर बोलूच नका. सुपेला ते पॉवर हाउस जीई रोडनं एकदा जाऊन बघा. डोकी, डोकी आणि डोकी! नेत्यांच्या वाढदिवसाची डोकी संपली की कोचिंगची सुरू, ती संपली की शाळेची. प्रत्येक डोक्याखाली नाव आणि टक्के. गंमत अशी की बोर्डानं स्वतः पहिला-दुसरा-तिसरा लावणं कधीच सोडून दिलंय. ज्यानं पेपर तपासले तो गप्प, आणि फी घेणारे भोंगा घेऊन उभे. कोचिंगवाल्यांना तरी चाप बसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नियम काढला, की विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर लेखी संमती घ्या, आणि तीही निकाल लागल्यानंतर. प्रवेशाच्या दिवशीच सही मारून घ्यायची चलाखी बंद. हा नियम कोचिंगपुरता आहे, शाळेला तो लागत नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीला कोचिंगच्या फलकावर जायचं तर विचारावं लागेल, आणि त्याच मुलीची सहा वर्षांची बहीण शाळेच्या बसवर, मागच्या बाजूला, पाच फुटांचा चेहरा होऊन गावभर फिरेल!

"अहो, पण फोटोनं काय होतं?" असं मला एका काकूंनी विचारलं. काकू साध्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या साडीच्या वेडात त्या सगळ्यांत पुढे होत्या. आठवतंय ना? गूगलच्या जेमिनीत आपला फोटो टाकायचा आणि तो तुम्हाला जुन्या सिनेमातली नायिका करून द्यायचा. तलम साडी, केसात फूल, मागे सोनेरी ऊन, पदर वाऱ्यावर. काकूंचा पदर तर असा उडाला होता की काकांनी पंखा बंद करायला हात वर केला. तेव्हाच कोण्या एका मुलीनं सांगितलं होतं ना, की त्या चित्रात तिच्या हातावर तीळ आला, आणि दिलेल्या फोटोत तर बाही लांब होती. देशभर बोभाटा झाला. तीळ कुठून आला यावर आमच्या भिशीत दीड तास चर्चा झाली, आलू गुंडे थंड झाले. पण आपण स्वतःहून फोटो दिला कशाला, यावर दीड मिनिटसुद्धा नाही. त्याआधी मार्चमध्ये फोटोचं जपानी कार्टून करून घ्यायचं वेड आलं होतं, तेव्हा तर काही वर्गशिक्षिकांनी अख्खा वर्गच्या वर्ग घालून काढला. चाळीस मुलं, गोड डोळ्यांची. आईबापांना विचारलं का? विचारायचं काय त्यात, सुंदरच तर दिसताहेत!

फोटोनं काय होतं ते सांगते, आणि इथे मी मस्करी करत नाही. स्पेनमध्ये अल्मेंद्रालेखो नावाचं गाव आहे, आपल्या भिलाईच्या मानानं चिमुकलं. २०२३ च्या सप्टेंबरात तिथल्या वीसपेक्षा जास्त शाळकरी मुलींचे खोटे, नको तसले फोटो गावातल्या मोबाइलांवर फिरले. सगळ्यात लहान मुलगी अकरा वर्षांची. मूळ फोटो साधे होते, अंगभर कपड्यांतले, समाजमाध्यमावरून उचललेले. खोटे करणारं कोणी परदेशातलं टोळकं नव्हतं, त्यांच्याच आसपासची, त्यांच्याच वयाची मुलं होती. पुढच्या वर्षी तिथल्या बाल न्यायालयानं पंधरा मुलांना वर्षभराच्या देखरेखीची शिक्षा दिली. आयांनी गप्प न बसता तोंड उघडलं म्हणून ते प्रकरण जगाला कळलं. आपल्याकडे असं झालं तर पहिला प्रश्न कोणता येईल, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. "पण तिनं फोटो टाकलाच का?" आणि तो फोटो तिनं नाही, तिच्या शाळेनं "ग्लिम्प्सेस ऑफ अ‍ॅन्युअल डे" म्हणून टाकलेला असला तर? तर विचारणाऱ्यानं तो लाइक केलेला असेल.

जाऊ द्या. तो विषय निघाला की माझं बीपी वाढतं.

पोरांचं काय विचारता? पोरं आपल्यापेक्षा शहाणी आहेत, आणि हे कबूल करायला मला जड जातं. नववी-दहावीतल्या मुलींची खाती बघा, सगळी कुलूपबंद. फोटोत चेहरा अर्धा, नाव भलतंच, आणि आईला तर आत प्रवेशच नाही. आईला दिसतं ते वेगळं खातं, त्यावर देवळाचे आणि मावशीच्या लग्नाचे फोटो. जन्मसालाची तर गंमतच आहे. इन्स्टाग्रामनं २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे अठराच्या आतल्यांसाठी वेगळी, नियमांनी बांधलेली खाती आणली, सोळाच्या आतल्यांना नियम ढिले करायचे तर आईबापांची परवानगी. त्या हिशोबानं पाहिलं तर आमच्या गल्लीतली नववीची तुकडी चोवीस वर्षांची निघते. एकजण तर निवृत्तीला आलाय! खोटं बोलतात, हे वाईटच. पण निदान आपला खरा पत्ता तरी झाकतात. खरा पत्ता आपण टाकतो, गृहप्रवेशाच्या व्हिडिओत, गेटवरच्या पाटीपासून सुरुवात करून.

मुलांच्या फोनची मात्र एक गोष्ट अशी आहे की तिथे शहाणपणही पुरत नाही, आणि ती गोष्ट भिलाईइतकी कोणाला ठाऊक असणार! महादेव. देवाचं नाव घेतलं की हात जोडायचे, पण २०२३ पासून भिलाईत त्या नावावर लोक आधी इकडेतिकडे बघतात. सट्ट्याचं ते अ‍ॅप ज्यांच्या नावावर सांगतात ती पोरं याच गावची, एकाचं तर ज्यूसचं दुकान होतं. मग दुबई. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे २०२३ च्या फेब्रुवारीत रास अल खैमाला जे लग्न झालं त्यावर सुमारे दोनशे कोटी रोख उडवले, आणि घरच्या पाहुण्यांना न्यायला खाजगी विमानं लावली, ती नागपूरहून! नागपूरहून, वहिनी! आपल्याला नागपूरच्या लग्नाला जायचं तर इंटरसिटीत खिडकी मिळत नाही. त्या नोव्हेंबरात सरकारनं महादेवसकट बावीस अ‍ॅप आणि संकेतस्थळं बंद केली, खटले चालू आहेत, निकाल कोर्ट लावेल. माझं म्हणणं वेगळंच आहे. त्या धंद्याला लागत होती खाती. बँकेची, साधी, विद्यार्थ्याची, घरकाम करणाऱ्या बाईची, कोणाचीही. "भैया, किराये पे दे दो, कुछ नहीं होता." पोरगा अठराचा झाला की आपण कौतुकानं खातं उघडून देतो, एटीएम कार्डासोबत सेल्फी काढतो, आणि महिन्याभरानं कॉलेजातला कोणी "सीनियर" ते कार्ड, चेकबुक आणि सिम काही हजारांत मागून नेतो. पैसा कुठून आला, कुठे गेला, पोराला पत्ता नाही. पोलीस मात्र खात्यावरच्या नावाच्या घरी येतात, आणि ते नाव आपल्या पोराचं असतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपतींची सही, सगळं तीन दिवसांत. मोठमोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले. चांगलं झालं. पण दारावरचं दुकान बंद झालं म्हणून मागच्या गल्लीतला माणूस गाव सोडून जात नाही. शाळेतल्या त्या जनजागृतीत या खात्यांवर कोणी चकार शब्द काढला नाही, याचं मला भारी नवल वाटलं. फोटो देऊ नका, पासवर्ड देऊ नका, इथपर्यंत सगळे येतात. "खातं भाड्यानं देऊ नका" हे भिलाईत नाही सांगायचं तर काय सातारला सांगायचं?

शाळा म्हणेल, आम्ही सुरक्षेचं खूप करतो. करतात की! जुलै २०२५ मध्ये सीबीएसईनं हुकूम काढला, वर्गात, जिन्यात, वाचनालयात, प्रयोगशाळेत, सगळीकडे कॅमेरे लावा, चित्राबरोबर आवाजही टिपणारे, आणि पंधरा दिवसांचं जपून ठेवा. फक्त स्वच्छतागृह सोडून. म्हणजे बघा, आपण मागच्या बाकावर बसून बाईंना जी नावं ठेवली, ती पंधरा दिवस साठवून ठेवायची सोय झाली. मुलांना त्रास झाला तर पुरावा असावा, हा हेतू चांगला, मी नाही म्हणत नाही. पण तो साठा बघणार कोण, कुलूप कोणाकडे, हे विचारायला एक बाप उठला नाही. सभेत प्रश्न काय आले? "स्विमिंग पूल कधी होणार?" आणि "रीलमध्ये आमचा अथर्व कधीच का नसतो?"

आणि त्या साठ्याचं मला उगाच भय वाटत नाही. अमेरिकेत पॉवरस्कूल नावाची कंपनी हजारो शाळांची हजेरी, गुण, पत्ते सांभाळते. २०२४ च्या डिसेंबरात तिच्या तिजोरीतून कोट्यवधी मुलांची माहिती चोरीला गेली. पकडला कोण, तर एकोणीस वर्षांचा कॉलेजकुमार! चोरीचा पासवर्ड वापरून आत शिरला होता. तिथे ही तऱ्हा, आणि आपल्याकडे काय चालतं? परीक्षा विभागाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड पडद्याच्याच कडेला चिकटवलेला असतो, पिवळ्या चिठ्ठीवर, सुंदर अक्षरात.

जगभर तर याहून मोठी हवा सुटली आहे. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली. आपल्याकडे सांगली जिल्ह्यात मोहित्यांचं वडगाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं ओट्यावर. मी हे आमच्या गणपतीच्या बैठकीत सांगितलं. भोंग्याचं भिलाईला काय नवल, अख्खं गाव शिफ्टवर उठतं-बसतं! सगळ्यांना कल्पना आवडली. ठराव झाला. आणि सात वाजता काय झालं? "मोबाइलमुक्त संध्याकाळ" असं म्हणत सगळ्यांनी मिळून लाइव्ह केलं.

आपल्या छत्तीसगढालाच ही हौस आहे की काय, देव जाणे. रायपूरकडचं तुलसी गाव तर यूट्यूबवाल्यांचं म्हणूनच प्रसिद्ध झालं, घरटी कोणीतरी नट नाहीतर कॅमेरावाला, सरकारनं तिथे "हमर फ्लिक्स" नावाचा स्टुडिओही दिला. पण त्यांचं मला कौतुक आहे. तिथे आजी पण व्हिडिओत आहे, तिला ठाऊक आहे ती काय करतेय, आणि पैसा मिळाला तर गावात येतो. आपल्या केजीतल्या पोराला कोणी विचारलं? सफरचंद म्हणून उभं केलं, रडला, त्याचं रडणं मस्त वाटलं म्हणून त्यावर ढोलकी टाकली, आणि फॉलोअर मिळाले शाळेला.

कायदा आहे हो. डिजिटल वैयक्तिक माहितीचा. २०२३ च्या ऑगस्टात सही झाली, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि पुरता लागू व्हायला अजून वेळ दिलाय. त्यात अठराच्या आतलं प्रत्येक पोर मूलच धरलंय, आणि त्याची माहिती वापरायची तर आईबापांची पडताळून घेतलेली संमती हवी. अभ्यास, सुरक्षा यासाठी शाळांना थोडी मोकळीक ठेवली आहे. पण गणिताच्या सरांच्या नाचात मागे उभं राहणं हे अभ्यासात बसतं की सुरक्षेत, ते वकिलांनी सांगावं.

तोवर संमतीची सोय शाळेनं केव्हाच करून ठेवली आहे. प्रवेशाच्या फॉर्मचं शेवटचं पान काढा. फी वेळेवर भरीन, गणवेश अमुक दुकानातूनच घेईन, त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते: शाळेच्या प्रसिद्धीसाठी पाल्याचे छायाचित्र व चित्रफीत वापरण्यास माझी हरकत नाही. आपण सगळ्यांनी सही केली आहे. मी नातवाच्या वेळी केली, तुम्हीही केली असणार. मागे रांग असते, क्लार्क घड्याळाकडे बघत असतो, आणि पेन दोरीनं बांधलेलं असतं.

आणि आता ऐका, जे सांगायला मी मघापासून थांबले होते. यंदा एका वहिनींनी ती ओळ खोडली. सरळ पेननं काट मारली, बाजूला लिहिलं "हरकत आहे", खाली तारखेसकट सही. शाळेत नुसती पळापळ! क्लार्कनं फॉर्म सुपरवायझरकडे, सुपरवायझरनं प्राचार्यबाईंकडे. बाई म्हणाल्या, "मग वार्षिकोत्सवात आम्ही तुमच्या मुलीला उभी कुठे करायची?" वहिनी म्हणाल्या, "स्टेजवर. नाच बघायला मी येणारच आहे, तुम्ही कॅमेरा तेवढा खाली ठेवा." शेवटी फॉर्म घ्यावा लागला, कारण फी भरून झाली होती. त्यानंतर म्हणे आणखी चौघींनी काट मारली, आणि शाळेनं पुढच्या फॉर्मात "हो" आणि "नाही" असे दोन चौकोन छापायचं कबूल केलंय.

वहिनी कोण, ते मात्र मला विचारू नका. मी नाव सांगणार नाही, शब्द दिलाय. यजमान रेल मिलमध्ये आहेत, सध्या नाइट शिफ्ट आहे, क्वार्टर सेक्टर पाचात, दारात पिवळ्या कण्हेरीचं झाड आणि पांढरी स्कूटी. मुलगी सातवी "क" ला. थांबा, त्यांच्या हळदीकुंकवाचा फोटो आहे माझ्याकडे, पाठवते. पण पुढे कोणाला टाकू नका हं!